शामवाची शिकार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला राहायला आल्यापासून मी आल्प्सच्या डोंगरांवर लिहिते आहे. शामवाचा विषय निघाला की प्रश्नांची रीघ लागते. विचारणाऱ्यांत सह्याद्रीत हिंडणारे ट्रेकर असतात, जर्मनीत नोकरीला आलेले असतात आणि ‘असल्या विषयावर लिहिताच कशाला’ म्हणणारेही असतात. मी स्वतः बंदूक चालवत नाही. इथल्या शिकाऱ्यांबरोबर दुर्बीण घेऊन जाते, त्यामुळे पुढची उत्तरं बघणारीच्या नजरेतून आली आहेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे येत असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. शामवा म्हणजे नक्की काय? हरीण की रानबकरी?

बकरीच्या गोतातला. इंग्रजीत ‘शॅमॉय’, जर्मन लोक त्याला ‘गाम्स’ म्हणतात, शास्त्रीय नाव रुपिकाप्रा रुपिकाप्रा. भारतात त्याच्या अंगलटीचे प्राणी शोधायचे तर हिमालयातले गोरल आणि सेरो. खांद्यापाशी उंची साधारण ७० ते ८० सेंटिमीटर. उन्हाळ्यात अंग पिवळट तपकिरी असतं, हिवाळ्यात जवळजवळ काळं होतं. चेहरा मात्र फिकट, आणि त्यावर डोळ्यापासून नाकाकडे जाणारा गडद पट्टा. शिंगं सरळ वर जातात आणि टोकाशी एकदम मागे वळतात. खुराची कड कडक आणि मधला भाग लवचिक, म्हणून ज्या कातळावर आपण दोर मागू तिथे हा चरत असतो.

२. तो कुठे कुठे सापडतो?

आल्प्स, कार्पेथियन, बाल्कन, तुर्कस्तान आणि कॉकेशस. पिरेनीज, उत्तर स्पेनचे कांताब्रियन डोंगर आणि इटलीचे आपेनाइन इथे राहणारी दक्षिणेकडची जात शास्त्रज्ञ वेगळी मानतात. न्यूझीलंडमध्ये माणसाने नेऊन सोडला (प्रश्न १० पाहा). सापडतो म्हणून सगळीकडे शिकारीला परवानगी आहे असं नाही (प्रश्न १३).

३. आल्प्समध्ये लाल हरीण आहे, आयबेक्स (लांब शिंगांची रानबकरी) आहे. मग शिकारी या लहानशा प्राण्यामागे एवढे वेडे का?

सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. नेहमी मिळणारं उत्तर म्हणजे ‘डोंगर चढावा लागतो म्हणून’. ते मला अपुरं वाटतं. चढ तर आयबेक्सलाही लागतो.

माझ्या मते खरी ओढ आहे ती पारख करण्याची. लाल हरणाच्या नराचं वय अचूक सांगता आलं नाही तरी तो नर आहे हे आंधळ्यालाही कळतं. मूफ्लॉन या रानमेंढ्याचा एडका आणि आयबेक्सचा बोकडही लांबूनच ओळखू येतात. शामवात नर आणि मादी दोघांनाही जवळपास सारखीच शिंगं, अंगाचा रंग सारखा, आकारात थोडाच फरक. त्यात शिंगाची बहुतेक वाढ पहिल्या तीन-चार वर्षांतच उरकते. म्हणजे चार वर्षांचा नर आणि बारा वर्षांचा नर यांच्या शिंगांच्या लांबीत सांगण्याजोगा फरक नसतो, आणि शिकाऱ्याला हवा असतो तो बारा वर्षांचा. मोठी शिंगं दिसली की घोडा ओढला, हा हिशेब इथे चालतच नाही. दोन-दोन तास दुर्बिणीला डोळा लावून बसायचं, बारीकसारीक खुणा जुळवायच्या आणि बऱ्याचदा ‘हा नव्हे’ म्हणून उठायचं. टिरोलमधले (इन्सब्रुक ज्यात येतं तो ऑस्ट्रियाचा प्रांत) जुने शिकारी गोळीबद्दल फार कमी बोलतात. अमक्या कड्यावरचा नर आपण तीन वर्षं बघत होतो, तो यंदा कुठे दिसला, हे मात्र ते तासभर सांगतात.

दुसरं कारण इतिहासातलं. डोंगरातली शिकार शतकानुशतकं राजाची आणि सरदारांची मक्तेदारी होती. सम्राट पहिला माक्सिमिलियन टिरोलमध्ये शामवाच्या मागे मार्टिन्सवांडच्या कड्यावर अडकला आणि एका देवदूताने त्याला खाली आणलं, अशी आख्यायिका आहे. तो कडा इन्सब्रुकच्या पश्चिमेला आजही प्रत्येक येणाऱ्याला दाखवतात. सम्राट फ्रान्त्स योझेफ उन्हाळा बाड इश्लला काढायचा. तिथल्या त्याच्या वाड्याच्या भिंती शामवाच्या शिंगांनी भरल्या आहेत. ऑस्ट्रियात १८४९ च्या फर्मानाने शिकारीचा हक्क जमिनीच्या मालकीला जोडला गेला, तरी गरीब शेतकऱ्याच्या वाट्याला चोरटी शिकारच आली. असे चोरटे शिकारी लोकांच्या गाण्यांत नायक झाले. दक्षिण जर्मनीतल्या बव्हेरियाचा असाच एक चोरटा शिकारी गेओर्ग येनरवाइन १८७७ साली पाठीत गोळी लागून मेला. त्याच्या शंभराव्या स्मृतिदिनाला कुणीतरी चोरून मारलेला शामवा त्याच्या थडग्यावरच्या क्रूसाला टांगून गेलं. मक्तेदारीला आव्हान हा त्याचा अर्थ; लाल हरीण टांगलं असतं तर तो निघाला नसता.

४. आयबेक्सची शिंगं मीटरभर असतात. मग तीच मोठी शिकार नाही का?

भिंतीवर लावायला, हो. पण आयबेक्स बेफिकीर असतो. कड्यावर आपल्यापर्यंत कुणी पोचणार नाही या भरवशावर तो बसून राहतो. एकदा त्याच्या उंचीवर पोचलात की काम बरंचसं झालं. शामवा तसा गाफील सापडत नाही. कळपातल्या एका मादीने शिट्टीसारखा आवाज काढला की सगळे डोळ्यांदेखत दुसऱ्या धारेवर.

आयबेक्सला या भरवशाची किंमत मोजावी लागली. त्यात त्याच्या शिंगांपासून पोटातल्या खड्यांपर्यंत सगळ्याला औषध मानलं गेलं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आल्प्सभर मिळून शंभराच्या आसपास आयबेक्स उरले होते, तेही इटलीच्या ग्रान पाराडिझोमध्ये. राजा व्हिक्टर इमॅन्युएल दुसरा याने १८५६ साली तो भाग स्वतःच्या शिकारीसाठी राखून ठेवला, म्हणून ते वाचले. आज आल्प्समध्ये आहेत ते सगळे त्यांचेच वंशज. इटली, फ्रान्स आणि जर्मनीत आयबेक्सला संरक्षण आहे. स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियात मोजक्या संख्येने परवाने निघतात. स्वित्झर्लंडच्या व्हाले कँटनमध्ये (कँटन म्हणजे तिथलं राज्य) परदेशी शिकाऱ्यांना असे परवाने विकले जायचे, टीका झाल्यावर ते बंद केले.

५. नर-मादी दोघांना शिंगं असतील तर लांबून ओळखतात कसं?

एका खुणेवर कुणी विसंबत नाही. नराच्या शिंगाचं बूड जाड आणि टोकाचा आकडा जास्त आत वळलेला. मादीची शिंगं बारीक, आकडा उघडा. नराची मान आखूड आणि भरदार दिसते, मादीची लांब आणि सडपातळ. हिवाळी केस आले की नराच्या पोटाखाली केसांचा झुबका दिसतो, तो दिसला तर वाद मिटला. लघवी करताना मादी मागून बसते, नर पाय थोडे मागे ताणून उभा राहतो. या एका क्षणासाठी शिकारी अर्धा तास थांबलेले मी पाहिले आहेत.

फसवणारे अपवाद भरपूर. म्हाताऱ्या वांझ मादीची शिंगं कधीकधी चांगलीच जाड असतात, आणि ती एकटी फिरत असली तर नवखा तिला नर समजतो. उलट दोन वर्षांचा कोवळा नर माद्यांच्या कळपात बेमालूम मिसळतो. संशय असेल तर गोळी नाही, हा नियम इथे पुस्तकात आहेच आणि चारचौघांतही पाळला जातो. चुकीचा प्राणी मारलेल्याची वर्षभर टिंगल होते.

६. आणि वय?

हातात शिंग असेल तर वय मोजता येतं. शामवाची शिंगं हरणासारखी दरवर्षी गळत नाहीत, जन्मभर वाढतात, आणि दर हिवाळ्यात वाढ थांबली की एक कडं पडतं. मी पहिल्यांदा असं शिंग हातात घेतलं तेव्हा आधी बोटाला लागली ती राळ. झाडाला शिंगं घासून घासून बुडाशी तिचा काळा थर बसतो आणि खालची कडी त्यात झाकली जातात. टोकाकडची वर्षं ऐसपैस असतात. पाचव्या-सहाव्या वर्षानंतर कडी एकमेकांना इतकी खेटतात की दर वर्षाला जेमतेम मिलिमीटर. ती नखाने चाचपून मोजावी लागतात. अख्खं आयुष्य त्या शिंगावर वहीसारखं लिहिलेलं असतं: एखादं कडं अरुंद असेल तर त्या वर्षी चारा कमी पडला किंवा आजारपण आलं.

जिवंत प्राण्यात हे दिसत नाही. तिथे चेहरा बघतात. तरुणाच्या गालावरचा पट्टा ठळक असतो, म्हाताऱ्याचा धूसर होत जातो. पाठ खचते, पोट लोंबतं, चाल जड होते. मादी वीस वर्षांपर्यंत जगू शकते. नर पंधरापर्यंत क्वचितच पोचतो.

७. एवढ्या सावध प्राण्याला गाठतात तरी कसं?

वाऱ्याचं गणित करून. शामवाचे डोळे तीक्ष्ण आहेतच, पण दिसलेल्या माणसाकडे तो थोडा वेळ बघत तरी राहतो. वास आला की मात्र विचार करत नाही. डोंगरात सूर्य येईपर्यंत थंड हवा उतारावरून दरीकडे वाहते. उतार तापला की ती उलटी वर चढू लागते. म्हणून शिकारी अंधारात दुसऱ्या सोंडेने वर चढतात, धारेमागे बसून राहतात आणि हवा फिरली की वरून खाली सरकतात. धोका वरून येईल ही शामवाची अपेक्षा कमी असते. ढग आले आणि हवा कुठल्याच बाजूला ठरेना, तर दिवस फुकट. जेवणाचा डबा खाऊन परत.

चढायला-उतरायला कमरेच्या वर उंच लाकडी काठी असते, बहुधा हेझलच्या लाकडाची. उतारावर ती मागे टेकत घसरत यायचं कौशल्य माझ्या तरी आवाक्यातलं नाही.

८. बंदूक कोणती आणि किती लांबून?

जुनी आवड म्हणजे काडतूस भरायला मधून दुमडणारी, एकच काडतूस मावणारी हलकी रायफल. ६.५×५७, ७×६४ किंवा .२७० विंचेस्टर ही नेहमीची काडतुसं. दोनशे मीटरच्या आतबाहेर गोळी झाडणं सभ्य समजतात. आताच्या दुर्बिणींमुळे लोक पाचशे मीटरच्या गोष्टी करतात, त्यांच्याबद्दल इथल्या जाणत्यांचं मत चांगलं नाही, आणि माझंही नाही.

तीव्र चढावर किंवा उतारावर गोळी नेहमीपेक्षा वर लागते, कारण तिला खाली ओढण्यात मोजलं जातं ते आडवं अंतर. पण खरा प्रश्न पुढचा असतो: गोळी लागल्यावर तो पडणार कुठे? घळीत कोसळला तर काढता येणार नाही, काढला तरी मांस आणि शिंगं ठेचलेली. या एका कारणाने हातची संधी सोडली जाते. मिळालाच तर जागेवर आतडी काढून प्राणी पाठपिशवीत घालतात आणि माणूसच खाली आणतो. लाल हरणाचं असं होत नाही, त्याला ओढायला किंवा वाहनाने न्यायला माणसं लागतात. एकट्याने मारून एकट्याने खाली आणता येणारा हा प्राणी आहे. त्याच्या आकर्षणात याचाही वाटा मोठा.

९. शिकारीचा सर्वांत चांगला काळ कोणता?

कशासाठी, यावर आहे. सोप्या वाटा आणि चांगलं मांस हवं तर ऑगस्ट-सप्टेंबर. स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युंडनमध्ये सप्टेंबरमधली डोंगरी शिकार म्हणजे वार्षिक उत्सवच, लोक त्यासाठी रजा राखून ठेवतात. प्राणी पूर्ण रूपात बघायचा तर नोव्हेंबर, माजाचा हंगाम. काळेभोर नर बर्फावरून एकमेकांचा पाठलाग करतात, पाठीवरचे लांब केस उभे राहतात, आणि एरवी सावध असलेला नर भान हरपतो. तो भान हरपलेला असताना मारण्यात मजा नाही असं म्हणणारे शिकारीही आहेत. परवानगीच्या तारखा दर राज्यात वेगळ्या, त्या तिथल्या कायद्यात बघा.

१०. न्यूझीलंडमध्ये शामवा उपद्रवी समजतात म्हणे?

हो. १९०७ साली फ्रान्त्स योझेफने भेट म्हणून पाठवलेले आठ शामवा, दोन नर आणि सहा माद्या, माउंट कुकच्या परिसरात सोडले गेले. तिथे मुळात चरणारे सस्तन प्राणीच नव्हते, त्यामुळे डोंगरी वनस्पतींना त्यांच्यापासून बचाव माहीत नव्हता. शामवा दक्षिण बेटाच्या डोंगरांत पसरले. आता सरकारी जमिनीवर निसर्ग संवर्धन खात्याचा परवाना घेऊन ते वर्षभर कितीही मारता येतात. माज तिकडे मे-जूनमध्ये येतो.

तिथे शामवाचा सामना आपल्या हिमालयन थार या रानबकरीशी होतो. थारही असाच १९०४ साली नेलेला. न्यूझीलंडच्या शिकाऱ्याला विचाराल तर आयाळवाला थारचा नर त्याला जास्त भव्य वाटतो, आणि थार फोफावले तिथून शामवा मागे हटतो. हिमालयात ज्याची आपण काळजी करतो तोच थार तिथे संख्या आवरण्यासाठी हेलिकॉप्टरमधून मारला जातो. १९९३ च्या योजनेत त्यांची कमाल संख्या १०,००० ठरवली आहे.

११. मग हिमालयात भरल, थार यांची शिकार करता येते का? आल्प्सला जायची गरज काय?

भारतात नाही. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यात सुरुवातीला परवान्याने काही शिकार शक्य होती, १९९१ च्या दुरुस्तीने तीही संपली. सह्याद्रीतल्यांसाठी सांगते: महाराष्ट्रात रानबकरी नाहीच. आपल्या डोंगररांगेतला एकमेव असा प्राणी म्हणजे निलगिरी थार, तो केरळ-तमिळनाडूत, आणि पूर्ण संरक्षित.

पाकिस्तानात मारखोर आणि आयबेक्सचे मोजके परवाने दरवर्षी विकले जातात. मारखोरचा परवाना लाखभर डॉलरच्या वर जातो आणि रकमेतले ८० टक्के स्थानिक गावांना मिळतात. तिथे आकर्षण पिळदार शिंगांचं आणि दुर्मिळतेचं. शामवाचा परवाना आल्प्समधला सुतार किंवा शाळामास्तर काढू शकतो. ही तुलना करताना लोक नेमकं हेच विसरतात.

१२. मी म्युनिकला नोकरी करतो. मला शिकारीला जाता येईल?

जर्मनीत राहत असाल तर शिकार परवान्याची परीक्षा द्यावी लागेल. कायदा, प्राणीशास्त्र, शस्त्र, मांसाची स्वच्छता आणि नेमबाजी, सगळं त्यात येतं. भाषा चांगली नसेल तर अवघड आहे. ऑस्ट्रियात दर राज्याचा कायदा वेगळा असून पाहुण्यांसाठी अल्पमुदतीचं कार्ड मिळतं. स्वित्झर्लंडमध्ये कँटननुसार दोन पद्धती: काही ठिकाणी शिकारीचं रान भाड्याने घेतात, ग्राउब्युंडनसारख्या ठिकाणी माणसागणिक परवाना असतो. कुठेही गेलात तरी किती आणि कोणत्या वयोगटातले मारायचे हे आधीच ठरलेलं असतं. पैसे मोजले म्हणून हवा तो निवडता येत नाही.

१३. कुठे शिकार पूर्ण बंद आहे?

पोलंड-स्लोव्हाकियाच्या तात्रा डोंगरांतला शामवा संरक्षित आहे. आपेनाइनमधला आब्रुत्सोचा शामवा विसाव्या शतकात काही डझनांवर आला होता, त्याला हातही लावता येत नाही. राष्ट्रीय उद्यानांचे नियम वेगळेच.

१४. पिल्लू बरोबर असलेल्या मादीचं काय?

लेकुरवाळी मादी मारत नाहीत. ग्राउब्युंडनमध्ये तर कासेत दूध असलेली मादी मारणं हा गुन्हा आहे. अडचण अशी की पिल्लू नेहमी आईला चिकटून नसतं, कळपातली पिल्लं एकत्र खेळत असतात. त्यामुळे मादी एकटी दिसली तरी कळप पुरता न्याहाळल्याशिवाय काही करायचं नाही. प्रश्न ५ मधला थांबण्याचा नियम इथे दुप्पट लागू.

१५. आजारी प्राण्याला वेगळा नियम आहे का?

बऱ्याच ठिकाणी आहे. पूर्व आल्प्समध्ये खरजेची साथ पसरते, दुसरा आजार डोळ्यांचा, त्यात शामवा आंधळा होऊन कड्यावरून पडतो. खरजेचा प्राणी दिसला तर वय-लिंग न बघता मारायला शिकारीच्या यंत्रणेने सांगितलेलं असतं. डोळ्यांच्या आजारात घाई करत नाहीत, कारण त्यातले बरेच आपोआप बरे होतात.

१६. बव्हेरियात बंदीच्या काळातही शामवा मारतात, हे खरं का?

काही भागांत खरं आहे. तीव्र उतारावरची जंगलं हिमस्खलन आणि दरडींपासून खालची गावं वाचवतात. तिथे लावलेली रोपं शामवा खातो, म्हणून प्रशासनाने ठराविक पट्ट्यांत बंदीचा काळ उठवला. शिकारी संघटना आणि काही निसर्गप्रेमी त्यावर चिडून आहेत. मला दोन्ही बाजू पटतात, पण हिवाळ्यात उपाशी प्राण्याला खाली ढकलून मग तो खाली आला म्हणून गोळी घालणं मात्र पटत नाही. त्यातच हवामानाची भर. इटलीतल्या आल्प्समधल्या २०१४ च्या एका अभ्यासात कोवळ्या शामवांचं वजन १९८० च्या दशकापेक्षा सुमारे पाव पट घटल्याचं दिसलं.

१७. टोपीवरचा तो केसांचा झुपका शेपटीचा असतो ना?

नाही, दाढीचाही नाही. माजातल्या नराच्या पाठीच्या कण्यावरचे हिवाळी केस एकेक उपटून, बुडाशी बांधून तो तयार करतात. त्याला ‘गाम्सबार्ट’ म्हणतात. प्रत्येक केसाचं टोक फिकट असतं आणि ती सगळी टोकं एका रेषेत आली की झुपक्याला पांढरी किनार दिसते. किंमत त्या किनारीची. चांगल्या झुपक्याला एकाच नराचे केस पुरत नाहीत.

१८. मांस कसं लागतं?

ऑगस्टमधल्या कोवळ्या प्राण्याचं उत्तम, बकरीपेक्षा कमी उग्र. माजातल्या नराचं नको. शिंगांमागच्या ग्रंथींचा वास अंगभर मुरलेला असतो. रेड वाइनमध्ये मुरवून केलेला रस्सा स्विस घरांत लोकप्रिय आहे. आमच्याकडे गोड्या मसाल्यात करून बघितला, पाहुण्यांनी रस्सा पुन्हा मागितला.

१९. गाडी पुसायचं शॅमॉय कातडं याचंच का?

एकेकाळी याचंच. आता बहुतेक मेंढीचं, माशाच्या तेलात कमावलेलं.

२०. शिकार नको, फक्त बघायचा आहे. कुठे जाऊ?

ऑस्ट्रियात होहे टाउअर्न, जर्मनीत बेर्ख्टेसगाडेन, इटलीत ग्रान पाराडिझो. ग्रान पाराडिझोत शिकार पूर्ण बंद असल्याने प्राणी त्यामानाने निवांत असतात. नोव्हेंबरमध्ये पहिला बर्फ पडला की उन्हाच्या बाजूच्या गवताळ उतारांवर सकाळी दुर्बीण लावा, काळे ठिपके पळताना दिसतील. जानेवारीनंतर मात्र लांबच राहा. त्या दिवसांत शामवा साठवलेल्या चरबीवर जगतो, आणि स्कीवरून खाली येणाऱ्या माणसाला घाबरून खोल बर्फात पळणं त्याला जिवावरचं ठरतं. स्वित्झर्लंडमध्ये अशा जागांना शांतता-क्षेत्र म्हणून पाट्या लावलेल्या असतात. तिथे चिन्हांकित वाट सोडली तर दंड होतो.